किटली पोहोचताच कळवावे

२ नोव्हेंबर

अहो,

हे पत्र नाही. पत्र लिहिण्याचं मला काही कारण नाही. चार शर्ट पिशवीत कोंबून, मागे वळूनही न बघता जो माणूस घराबाहेर पडतो त्याला मी पत्र लिहिणार नाही, हे तुम्ही जिना उतरत असतानाच मी जाहीर केलं होतं. तुम्हाला ऐकू गेलं नसेल तर खालच्या मजल्यावरच्यांना विचारा. त्यांना गेलं.

ही सूचना आहे. सूचनेखाली किटली आहे. किटली तुमच्यासाठी नाही.

खुलासा करते. वर्षअखेरच्या सुट्ट्या जवळ आल्या आहेत. सुट्ट्या आल्या की लोकांना एकमेकांवरचं प्रेम आठवतं, आणि प्रेम आठवलं की ते घरबसल्या काहीतरी मागवून दुसऱ्याच्या पत्त्यावर धाडतात. आपल्या सूनबाईच्या ऑनलाइन दुकानाचं अख्खं वर्ष या एका हंगामावर उभं असतं. गेल्या वर्षी याच हंगामात तिच्या चिनी मातीच्या किटल्या गावोगावी फुटक्या पोहोचल्या. एका गिऱ्हाइकाने लिहिलं होतं, 'कोडं छान आहे, घरातले सगळे मिळून जोडतो आहोत.' ज्या मोठ्या वेबसाइटवर ती दुकान मांडते त्यांनी यंदा बजावलं आहे की पुन्हा फुटक्या मालाच्या तक्रारी आल्या तर दुकान काढून टाकू. म्हणजे सूनबाई गेली, आणि गावाबाहेर भट्टी लावून फक्त तिच्यासाठी किटल्या घडवणारं ते कुंभार जोडपंही गेलं.

म्हणून चाचणी. गर्दी सुरू होण्याआधी एक किटली बांधून लांबच्या, वाईट रस्त्याच्या पत्त्यावर पाठवायची आणि धड पोहोचते का ते बघायचं. तुमच्या धाकट्या भावाच्या घराला जाणाऱ्या रस्त्याइतका वाईट रस्ता आमच्या माहितीत दुसरा नाही. ते कुटुंब लेकीकडे राहायला गेलं आणि त्यांचं रिकामं घर राखायला तुम्ही उड्या मारत गेलात, हे आमच्या पथ्यावर पडलं. तुमचा फोन तुम्ही इथेच टेबलाच्या खणात टाकून गेला आहात. तो खणातल्या खणात ओरडत असतो. म्हणून खोक्यात एक कार्ड ठेवलं आहे. पत्ता लिहिलाय, तिकीट लावलंय. तुम्ही फक्त लिहायचं, शाबूत की फुटली. जन्मभर वेधशाळेत बसून आकाशाकडे बघून तुम्ही 'निरभ्र', 'ढगाळ' अशा एकेका शब्दाच्या नोंदी केल्यात. त्यातली एकही कधी खोटी नव्हती, असं तुमचे साहेब निरोपसमारंभात म्हणाले होते. त्यावर तुमचं उत्तराचं भाषण होतं, 'आभार.' ती सवय आता कामाला येऊ दे.

तुमच्या जाण्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. केवळ नोंद म्हणून सांगते. परत आलेला माल ठेवायला घरात एकच कोपरा उरला होता आणि त्या कोपऱ्यात तुमची खुर्ची होती. तुम्ही विचारलंत, 'मी कुठे बसू?' मी उत्तर दिलं. उत्तर लांबलं, सूनबाईला चहा दोनदा गरम करावा लागला, हे मान्य. पण त्या उत्तरात श्रमाच्या प्रतिष्ठेबद्दल, बाईच्या स्वतंत्र कमाईबद्दल आणि खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांच्या इतिहासाबद्दल मी जे बोलले त्यातला एक तरी मुद्दा चूक होता का? असता तर तुम्ही खोडायला हवा होता. तुम्ही पिशवी काढलीत.

आणि हो, 'तूच तर चौकाचौकात बाजाराविरुद्ध बोलायचीस' असं मनात म्हणू नका. बोलायचे. अजूनही बोलते. पण आपल्या घरातली पोर बुडत असताना काठावरून तत्त्वज्ञान सांगणारी मी नव्हे.

किटली पोहोचताच कळवावे.

पॅकिंग विभाग


१० नोव्हेंबर

अहो,

कार्ड मिळालं. 'फुटली. तोटी.' चक्क दोन शब्द! मुलगा झाला तेव्हा तुम्ही तुमच्या आईला तार केली होतीत त्यातही एकच होता.

सूनबाईने कार्ड वाचलं आणि स्टुलावर बसली. म्हणाली, "आई, तोटीच का?" मी म्हटलं, "अगं, जो पुढे येतो तोच मार खातो. चळवळीत हेच असतं." तिला ते पटलं नाही, पण तोटीला वेगळं पांघरूण हवं हे पटलं.

तेव्हा ही दुसरी किटली. तिच्या तोटीवर तुमचा निळा मोजा चढवला आहे. सूनबाई म्हणाली, "आई, गिऱ्हाइकांना बाबांचे मोजे पाठवायचे?" मी म्हटलं, गिऱ्हाइकांसाठी कापडी टोप्या शिवून घेऊ, ही चाचणी आहे. कार्यकर्ता आधी स्वतःच्या घरचं देतो, मग वर्गणी मागतो. दुसरा मोजा झाकणाखाली सापडेल. खोक्यात रिकामी जागा राहिली की किटली आत नाचते, म्हणून भरावाला तुमचं जाड स्वेटर घातलं आहे. त्याचा दुसरा काही अर्थ नाही. तिकडे थंडी पडली असेल-नसेल, मला काय करायचंय.

इथे तयारी जोरात आहे. जेवणाच्या टेबलावर बांधणी, पलंगावर खोकी, न्हाणीघराच्या दाराला लेबलांची भेंडोळी. खोक्यांच्या भिंती एवढ्या चढल्या आहेत की तुमचा मुलगा ऑफिसातून आला की दारातून ओरडतो, "आई, आज कुठल्या गल्लीत जेवायचंय?" वरच्या मजल्यावरची शिंपीण आणि तिची नणंद हाताखाली घेतल्या आहेत. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी मी त्यांच्यापुढे चार शब्द बोलते. परवा मी सांगत होते की टेपचा प्रत्येक तुकडा म्हणजे अनोळखी माणसाला दिलेलं वचन आहे. शिंपीण अगदी नम्रपणे म्हणाली, "काकू, वचन देता देता ऐकलं तर चालेल का? हात रिकामे राहतात." नणंद हसली. मी मोठ्या मनाने परवानगी दिली. त्यानंतर माझं भाषण आणि टेप फाडण्याचा आवाज एकदमच चालतात. मोठमोठ्या सभा गाजवलेल्या बाईला यापेक्षा गोंगाट करणारा श्रोता मिळाला नव्हता.

अजून एक. तुमची रक्तदाबाची गोळी निळ्या डबीत असते, पांढऱ्या नव्हे. निळी डबी मोज्यात आहे. तीही भराव म्हणूनच.

पोहोचताच कळवावे.

पॅकिंग विभाग


१८ नोव्हेंबर

अहो,

'फुटली.'

कशी? मोज्यात, स्वेटरात, बबल रॅपमध्ये गुंडाळलेली किटली फुटली कशी? आणि स्वेटराबद्दल एक शब्द नाही. गोळ्यांबद्दल नाही. मी विचारतही नाही.

कार्ड आलं त्या दिवशी आम्ही प्रयोगच मांडला. तशीच एक किटली तशीच बांधली आणि शिंपिणीने ती जिन्याच्या वरच्या वळणावरून खाली सोडली. खोका गडगडत तळाला गेला. उघडला. किटली टवटवीत. मग तिच्या नणंदेने तो पुन्हा भिरकावला, जरा जास्तच उत्साहाने. बहुधा भावजयीचं नाव घेऊन. तरी किटली तशीच. सूनबाई डोकं धरून बसली. "आई, इथे फुटत नाही, तिथे फुटते. म्हणजे वाटेत काय होतंय?"

वाटेत कुरियरवाला होतो, मी म्हटलं. आणि दुसऱ्या दिवशी तो माल न्यायला आला तेव्हा त्याला दारातच अडवलं. तुम्हाला माझी पद्धत माहीत आहे. मी आरोप केला नाही. मी फक्त विश्वास या गोष्टीची उत्पत्ती, वाढ आणि ऱ्हास त्याला समजावून सांगितला. तो हेल्मेट काखेत धरून ऐकत राहिला. मग म्हणाला, "आजी, परवा माझ्या गाडीतून माशांसकट काचपेटी गेली. मासे हसत उतरले. तुमच्याच किटल्या फुटतात, त्याही एकाच पत्त्यावर. पत्ताच खराब आहे तुमचा."

"खबरदार!" मी म्हटलं. "त्या पत्त्यावर आमचे हे राहतात!"

"मग त्यांनाच विचारा," म्हणाला, आणि खोकी उचलून गेला. उद्धट माणूस आहे. पण खोकी मात्र अशी उचलतो की जणू झोपलेलं मूल.

मी तुमच्या बाजूने बोलले याचा अर्थ काढू नका. मी तत्त्वाच्या बाजूने बोलले. अख्ख्या हयातीत ज्याने पावसाला पाऊस आणि धुक्याला धुकं म्हटलं त्या माणसाच्या नोंदीवर एका हेल्मेटवाल्याने शंका घ्यावी?

तिसरी किटली पाठवते आहे. या वेळी खोक्यात खोका. बाहेरचा मोठा, आतला लहान, मध्ये कागदाचे बोळे. बोळे माझ्या जुन्या भाषणांच्या टिपणांचे आहेत. हसू नका. एवढा जाड कागद घरात दुसरा नव्हता. उलगडून वाचलेत तरी चालेल. तिथे संध्याकाळी करण्यासारखं काही नसेल.

परत आलेला माल आता स्वयंपाकघरात, ओट्याखाली हलवला आहे. तिथे तो हाताशी पडतो. त्यामुळे तुमची खुर्ची मोकळी झाली आहे. हा निव्वळ व्यवस्थेचा प्रश्न होता.

पोहोचताच नीट बघून कळवावे.

पॅकिंग विभाग
(तुमच्या मुलाची आई)


२७ नोव्हेंबर

अहो,

'फुटली. पुन्हा पाठवा.'

कामाबद्दलची तुमची कळकळ बघून मला खरंच भरून आलं. सूनबाईला मी म्हटलं, "बघ, माणूस घर सोडून गेला, पण कर्तव्य सोडलं नाही." ती कार्डाकडे बघतच राहिली. हल्ली ती बोलतच नाही.

कारण आता मैदान समोर आहे. वेबसाइटवर सवलत सुरू झाली आणि ऑर्डरी अशा येऊ लागल्या की मोबाइलचं टिंग टिंग ऐकून शेजारचा पोपटसुद्धा तसाच ओरडायला लागला. त्याच्या आवाजाला फसून शिंपिणीने दोन वेळा टेप हातात घेतली.

पण तुमच्या कार्डांमुळे आमचं पॅकिंग कुठे पोहोचलंय ते ऐका. किटलीला बबल रॅप, त्यावर कापडी टोपी, मग खोका, मग बोळे, मग मोठा खोका, मग पुन्हा बबल रॅप. एका किटलीचं पार्सल एवढं होतं की त्यात कुत्र्याने संसार थाटावा. नाकापेक्षा मोती जड! कुरियर आकारावर भाडं लावतं, वजनावर नाही. त्यामुळे किटलीत मिळवायचं ते सगळं खोका खातो. आणि वेळ! पूर्वी चहा निवायच्या आत पार्सल तयार व्हायचं. आता चहाच काय, माझं भाषणसुद्धा संपतं. दिवसाच्या ऑर्डरी दिवसात जात नाहीत. कालच्या आजवर, आजच्या उद्यावर. आणि उशीर झाला तरी वेबसाइटवाले दुकानाच्या मानांकनाचे तारे कापतात. फुटलं तरी मरण, न फुटू दिलं तरी मरण.

काल सूनबाई माझ्याशेजारी जमिनीवर बसली, टेपच्या गोल पुठ्ठ्यात बोटं अडकवून. म्हणाली, "आई, ही शेवटची चाचणी. एवढ्या पांघरुणातही किटली फुटली तर मी किटल्या दुकानातून काढणार. सगळ्या ऑर्डरी रद्द करायच्या, पैसे परत." मी विचारलं, मग दुकानात काय राहणार? म्हणाली, "काही नाही. दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीने नोकरीला बोलावलंय, त्यांना हो म्हणीन. आम्ही दोघं जाऊ. तुम्हाला आणि बाबांना घर तरी मोकळं मिळेल."

कुंभारीण त्याच वेळी नव्या किटल्या घेऊन आली होती. दारात उभी राहून तिने सगळं ऐकलं, आणि टोपली खाली ठेवावी की परत उचलावी हे तिला कळेना. मी आयुष्यात कधी शब्दांना अडले नाही. काल अडले.

तेव्हा तुम्हाला हवं होतं ते होणार आहे. घर पुन्हा घर होईल. पलंगावर पलंगपोस, टेबलावर ताटं. खोक्यांच्या गल्ल्या नाहीत, पोपट नाही, शिंपीण नाही, सून नाही, मुलगा नाही. तुम्ही आणि मी आणि भिंती. तेही तुम्ही परत आलात तर. तसं मी म्हणत नाहीये.

एक सांगू? सकाळी मी शिंपिणीपुढे बोलते, नणंदेपुढे बोलते, कुरियरवाल्यापुढे बोलते. आयुष्यात टाळ्या भरपूर मिळाल्या, अजूनही मिळतील. पण माझ्या वाक्याच्या शेवटी पेपराआडून 'हं' म्हणणारा माणूस एकच होता. त्या 'हं'मध्ये वाक्य बरोबर असलं तर एक सूर असायचा आणि चुकलं असलं तर दुसरा. हल्ली माझी वाक्यं बरोबर येतायत की नाही तेच मला कळत नाही.

हे वाक्य खोडणार होते. शाई वाळली.

मोठ्या खोक्यातली ही चौथी किटली. हात जोडून सांगते, खिडकीजवळ नेऊन नीट उजेडात बघा. तडा आणि ओरखडा यांत फरक असतो. तुम्ही लिहाल तेच आम्ही धरून चालणार आहोत.

पॅकिंग विभाग
(तुमच्या मुलाची आई)


४ डिसेंबर

अहो,

या पाकिटासोबत किटली नाही. किटली मिळण्याची लायकी तुम्ही घालवलीत.

कार्ड काल दुपारी आलं. मी मोठ्याने वाचलं: 'पहिली फुटली. बाकी शाबूत.' पुन्हा वाचलं. मी म्हटलं, "हे काय? आता आणखी कुठली पहिली फुटली?" सूनबाईने कार्ड माझ्या हातातून घेतलं, वाचलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. टेपची गुंडाळी हातातून सुटून घरभर धावली तरी हसत होती.

"आई," म्हणाली, "दुसरीपासून एकही किटली फुटलेली नाही. बाबांनी खोटं लिहिलं."

"शक्य नाही," मी म्हटलं. "तो माणूस ढगालाही विचारून लिहितो."

"आई, पहिली फुटली तेव्हा तुम्ही काय केलं?"

"दुसरी पाठवली."

"आणि तिच्यासोबत?"

शिंपीण तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. नणंदेला तेवढाही धीर नव्हता, ती म्हणाली, "काकू, शाबूत लिहिलं असतं तर पुढचं पत्र कुठून आलं असतं?"

मग मी उठले, आणि त्या तिघींच्या समक्ष तुमच्यावर जे बोलले ते माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम भाषण होतं. तुम्ही ऐकायला नव्हतात हे तुमचं नशीब. थोडक्यात इथे देते.

लाज नाही वाटली? तुमच्या एका शब्दापायी इथे चार बायका किटल्यांना रजया पांघरत बसल्या! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला झाला! सूनबाई दुकान मोडायला निघाली, कुंभारीण टोपली घेऊन दारात ताटकळली, आणि तुम्ही तिकडे धडधाकट किटल्या फळीवर मांडून माझी टिपणं उलगडून वाचत बसलात? ज्या माणसाने साहेबाच्या दडपणाखालीसुद्धा कधी एका सरीची नोंद बदलली नाही, त्याने स्वतःच्या बायकोला दोनदा खोटं लिहावं? आणि कशासाठी? पत्रासाठी! अहो, तोंड होतं ना? 'पत्र लिही' असं लिहायला दोन शब्द लागतात. ते 'फुटली. तोटी.' एवढेच आहेत!

आणि त्या कुरियरवाल्याची मला माफी मागावी लागली. दारात, सगळ्यांदेखत. तो म्हणाला, "आजी, मी तेव्हाच म्हटलं होतं, पत्ता खराब आहे." वर असं हसला की मला तेही गिळावं लागलं.

आता कामाचं. दुसऱ्या किटलीचं पॅकिंग पुरेसं होतं हे सिद्ध झालं. एक खोका, एक टोपी, थोडा भराव. मोठी खोकी बंद. आज सकाळपासून हात असे चालतायत की माझं भाषण सुरू व्हायच्या आत साचलेलं सगळं कुरियरच्या गाडीत. सूनबाईने त्या कंपनीला 'नाही' कळवलं. कुंभारणीला निरोप गेला की भट्टी पेटती ठेव. गाडी गेली तेव्हा सूनबाई रिकाम्या पलंगावर आडवी झाली आणि आढ्याकडे बघत म्हणाली, "आई, बाबांनी शेवटी खरं का लिहिलं असेल?"

मी म्हटलं, मला काय माहीत. मला माहीत आहे. शेवटचं पत्र वाचून लिहिलंत. पत्रं बंद होणार हे कळत असूनही लिहिलंत. म्हणून तुमच्यावरचा माझा राग जेवढा असायला हवा तेवढा होत नाहीये, आणि त्याचाही मला राग आहे.

चाचणी संपली. तेव्हा पत्रव्यवहारही संपला. यापुढे तुम्हाला काही कळवायचं कारण या विभागाकडे उरलेलं नाही.

तुमच्या मुलाची आई


९ डिसेंबर

अहो,

कारण निघालं आहे.

किटल्या संपल्या. कुंभारणीची भट्टी आता सुट्ट्या उलटल्यावरच रिकामी होईल. दुकानाच्या पानावर 'माल संपला' अशी पाटी लागली. सूनबाई खूश होती, यंदा पहिल्यांदाच माल फुटून नव्हे, विकून संपला होता. ती आणि मुलगा जरा बाहेर फिरायला गेले. मी एकटीच संगणकापाशी बसले होते. 'माल संपला' हे वाक्य मला खटकलं. कारण ते खरं नव्हतं. आपल्या तीन किटल्या तुमच्या भावाच्या फळीवर शाबूत उभ्या आहेत, हे तुम्हीच लेखी दिलं आहे. आणि या घरात खोटी नोंद आता पुरे झाली.

मी शिल्लक मालाच्या चौकोनात तीन लिहिलं.

चपला काढून ते दोघं घरात येईपर्यंत तिन्ही विकल्या गेल्या होत्या. सूनबाई किंचाळली. "आई! कुठून द्यायच्या या?" मी सांगितलं. तिने मुलाकडे बघितलं, मुलाने तिच्याकडे, आणि दोघं एकदम म्हणाले, "आई, हे मुद्दाम केलंत ना?" ताकाला जाऊन भांडं लपवतेस, असंही तुमचा मुलगा म्हणाला. मी म्हटलं, मी सार्वजनिक जीवनात अर्धं आयुष्य काढलंय; माझं कुठलंही कृत्य अपघाताने होत नाही.

तेव्हा परिस्थिती अशी आहे. एक किटली एका आजोबांना हवी आहे, ते पहिल्यांदाच नातीकडे राहायला चालले आहेत. एक कोणा दोन बहिणींनी मिळून आईसाठी मागवली आहे. तिसऱ्या गिऱ्हाइकाने निरोपाच्या जागी फक्त 'माफ कर' असं लिहायला सांगितलं आहे. बाकी काही नाही. ही माणसं वाट बघतायत. सुट्ट्यांआधीची कुरियरची शेवटची गाडी शनिवारी दुपारी निघते. त्याच्या आत किटल्या इथे पाहिजेत, नाहीतर तिन्ही ऑर्डरी रद्द, आणि इतकी मरमर करून मिळवलेले सूनबाईचे तारे माझ्यामुळे जातील. ते मला सोसणार नाही.

पार्सलने पाठवू नका. तुम्हाला टेप लावता येत नाही. तुम्ही भेटवस्तूच्या कागदाला गोंद लावायचात आणि तो तुमच्याच बाहीला चिकटायचा. स्वतः घेऊन या. गाडीत वरच्या फळीवर ठेवू नका, मांडीवर घ्या. कुरियरवाला स्टँडवर येईन म्हणतो. "आजोबांना मी आणतो," म्हणाला, "तेवढा तो खराब पत्ता एकदाचा बदलू दे." भावाच्या घराची किल्ली शेजारी द्या. गॅस बंद केला का ते दोनदा बघा. स्वेटर घालूनच निघा, पहाटेच्या गाडीत वारा लागतो.

इथे आलात की एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. मी तुमच्याशी लगेच बोलणार नाही. तुम्ही जे केलंत ते केलंत. आधी तिन्ही पार्सलं बांधून होतील, गाडी जाईल, मग बघू. माझी तयारी बरीच झाली आहे. मुद्दे काढून ठेवले आहेत आणि या वेळी चहा दोनदा गरम करावा लागला तरी तुम्हाला उठता येणार नाही. मध्ये मध्ये 'हं' म्हणायला हरकत नाही.

किटल्या शाबूत पोहोचल्या पाहिजेत. गिऱ्हाइकांचा प्रश्न आहे, दुकानाचा प्रश्न आहे, सूनबाईच्या वर्षभराच्या कष्टाचा प्रश्न आहे. त्यासाठीच हे लिहिते आहे. बाकी कशासाठी नाही.

तुमची

ता. क. फुटल्या तरी या.